स्वल्प मॅडमचा दुसरा गिअर

स्वल्प मॅडम गाडीचा तिसरा गिअर वापरत नसत. तो गाडीत आहे हे त्यांना माहीत होतं, आणि एकदा तुमकूर रस्त्यावर त्यांनी तो टाकलाही होता म्हणे. पण ‘फार पळायला लागली गं’ म्हणून लगेच काढला. चामराजपेटेतल्या त्यांच्या घरापासून राजाजीनगरपर्यंत आम्ही दुसऱ्या गिअरमध्ये जायचो. मागून रिक्षावाले आणि बसवाले हॉर्न वाजवायचे, शेजारून पुढे जाताना मान बाहेर काढून काहीतरी बोलायचे, आणि मॅडम त्या प्रत्येकाला हात दाखवून म्हणायच्या, “स्वल्प, स्वल्प.” म्हणजे थोडं, जरासं. कन्नडमधला हा शब्द बंगळुरूत रिक्षावाल्यापासून डॉक्टरपर्यंत सगळे वापरतात. पण मॅडमच्या तोंडात तो इतका बसला होता की त्यांचं खरं नाव बऱ्याच कार्यालयांत कुणाला ठाऊकच नव्हतं. “उद्या स्वल्प मॅडम येणार आहेत,” असाच निरोप फिरायचा.

मी तेव्हा के. आर. पुरममध्ये एका पीजीत राहत होते. पुण्याहून नोकरीसाठी आले आणि थोड्याच दिवसांत सगळं बंद झालं, त्यामुळे ऑफिस म्हणजे माझ्यासाठी लॅपटॉपच्या पडद्यावरची माणसं होती. मला ते सोयीचं होतं. कॅमेरा बंद ठेवता यायचा. कोरोनाची दुसरी लाट ओसरल्यावर आमच्या छोट्या कंपनीला एका सरकारी महामंडळाचं काम मिळालं. त्यांची शहरातली कार्यालयं पुन्हा उघडायची होती, आणि ती कशी उघडायची, लशीचा नियम कसा राबवायचा, हे तिथल्या मॅनेजर लोकांना सांगायला अनुभवी माणूस हवं होतं. कंपनीनं मॅडमना बोलावलं. त्या दुसऱ्याच एका महामंडळाच्या आस्थापना विभागातून निवृत्त झाल्या होत्या. “त्यांना स्लाइड्स जमत नाहीत, तू बरोबर जा,” असं मला सांगण्यात आलं.

स्लाइड्स त्यांनी कधी लावल्याच नाहीत. पहिल्या दिवशी गाडीत बसून त्यांनी त्या सगळ्या नीट पाहिल्या, माझ्या बाणांचं आणि रंगांचं कौतुक केलं आणि लॅपटॉप माझ्या मांडीवर परत ठेवला. “असू देत. लागल्या तर दाखवू.” त्या लागल्या नाहीत.

मॅडम मूळच्या निपाणीच्या. घरात मराठी, शाळा कन्नड, आणि नोकरीत दोन्हींच्या जोडीला कामापुरतं इंग्रजी. त्यांच्या मराठीत ‘पण’च्या जागी ‘खरं’ यायचं. “जेवायचं होतं खरं वेळ मिळाला न्हाई,” असं. मी इंग्रजी शाळेत शिकलेली. बोलण्याआधी मनात वाक्य जुळवायची आणि जुळेपर्यंत विषय पुढे गेलेला असायचा. मॅडम म्हणायच्या, “तुझं मराठी इस्त्री केलेलं हाय. घडी मोडायला भितीस.” मी हसायचे आणि आणखी गप्प व्हायचे. त्यावरही त्यांचं म्हणणं होतं. “गप्प बसतीस ते बरं हाय. या कामात लागतंय ते. खरं ऐकायला गप्प बसणं येगळं, लपायला गप्प बसणं येगळं.” मी खिडकीतून बाहेर बघत राहिले. त्यांनी पुन्हा तो विषय काढला नाही.

त्यांची काम करायची एक पद्धत होती. मॅनेजरच्या केबिनमध्ये त्या बसत नसत. “चला, फाटकापासून येऊ,” म्हणायच्या आणि साहेबाला बाहेर नेऊन फाटकापासून पुन्हा आत आणायच्या, जणू तो आज नव्यानं कामाला लागलाय. वाटेत कुठं गर्दी होते, कुठल्या खिडकीची कडी गंजून बसली आहे, पाण्याच्या पिंपापाशी लोक का रेंगाळतात, हे त्याला त्याच्याच पायांनी बघायला लावायच्या. मग एखाद्या कोपऱ्यातल्या कारकुनाच्या खुर्चीत त्याला बसवून म्हणायच्या, “आता स्वल्प खोका बघू, सर.” सर अवघडून खोकायचे. “हं. हे कुणाच्या ताटात पडलं?” साहेबांनी मान वर केली की समोर डबा उघडून बसलेली कुणीतरी बाई त्यांच्याकडे रोखून बघत असायची. दुसऱ्या दिवशी ती खुर्ची हललेली असायची.

लशीबद्दल मात्र त्या कुणालाही चारचौघांत विचारू देत नसत. एका कार्यालयात मॅनेजरनं उत्साहानं सगळ्यांना सभागृहात जमवून ‘ज्यांनी घेतली नाही त्यांनी हात वर करा’ असं सांगितलं. एका मुलीनं हात अर्धा वर केला आणि तिच्या दोन्ही बाजूच्या खुर्च्या सरकल्या. मॅडम उठून त्या मुलीच्या शेजारी जाऊन बसल्या. नंतर जिन्यात त्या मॅनेजरला म्हणाल्या, “सर, तुमचं वजन किती हाय ते आत्ता सगळ्यांत विचारू काय?” एवढं चिडलेलं मी त्यांना परत पाहिलं नाही. गाडीत बसल्यावर मला म्हणाल्या, “‘घेतली का’ असं विचारायचंच न्हाई. ‘काय अडतंय’ असं विचारायचं. आणि ते पण त्याच्या कामाच्या जागी जाऊन. माणूस आपल्या जागेवर असला की खरं बोलतोय.”

राजाजीनगरच्या कार्यालयात जाईपर्यंत मला वाटत होतं की ही पद्धत सगळीकडे चालेल.

तिथले मॅनेजर नागराज सर. टेबलाभोवती त्यांनी काच बसवून घेतली होती आणि कागद सरकवायला खाली फट ठेवली होती. सही करताना पेन कागदी रुमालात धरायचे. ते मॅडमशी कन्नडमध्ये बोलत आणि मधूनच माझ्याकडे बघून इंग्रजीत. मॅडम मला नंतर सगळं मराठीत सांगत, म्हणून इथं मी मराठीतच लिहिते आहे. फाटकापासून चालत यायला त्यांनी नकार दिला. “त्याची गरज नाही, मॅडम. माझं सगळं तयार आहे,” म्हणाले आणि फटीतून एक आदेश बाहेर सरकवला. लस न घेतलेल्या कर्मचाऱ्यास कार्यालयाच्या आवारात प्रवेश नाही. प्रवेश नाही म्हणजे गैरहजर. आणि ही गैरहजेरी सेवेत खंड धरली जाईल, म्हणजे पेन्शनवरही गदा. आदेश लागू होण्याचा दिवस आयुधपूजेचा होता.

आमच्याकडे पुण्यात खंडेनवमीला बाबा स्कूटरला झेंडूचा हार घालत, त्यापलीकडे मला त्या दिवसाचं काही माहीत नव्हतं. बंगळुरूत तो दिवस कार्यालयांचा असतो. संगणक, टाइपरायटर, कपाटं, लिफ्ट, पंप, सगळ्याला कुंकू लागतं. फाटकाला केळीचे खांब बांधतात. गाड्यांना शेवंतीच्या माळा घालतात, चाकांखाली लिंबं ठेवतात, कोहळा फोडतात आणि चुरमुरे वाटतात. एरवी रजेवर असलेली माणसंही त्या दिवशी येतात. नागराज सरांचा हिशेब तोच होता.

“त्या दिवशी सगळे येतातच, मॅडम. पूजेसाठी तरी घेतील लस. माझा विचार चुकलाय का?”

मॅडम कुठल्याही मॅनेजरला ‘चुकलाय’ म्हणत नसत. “किती जण राहिलेत, सर?” त्यांनी विचारलं.

“एकच. ड्रायव्हर.”

मॅडमनी चष्मा काढून पदरानं पुसला. काही बिनसलं की त्या चष्मा पुसत, हे मला तोवर कळलं होतं.

ड्रायव्हरचं नाव परशुराम. सगळे त्यांना परशुअण्णा म्हणत. कार्यालयाची पांढरी व्हॅन ते कित्येक वर्षं चालवत होते आणि येत्या उन्हाळ्यात निवृत्त होणार होते. तेही निपाणीकडचे निघाले. मॅडमनी गावाचं नाव ऐकल्यावर ‘कुठल्या गल्लीत?’ असं विचारलं आणि मग त्या दोघांनी एका मिठाईवाल्याची आणि एका शाळामास्तराची भरपूर निंदा केली. लशीचा विषय मॅडमनी काढला नाही. तो परशुअण्णांनीच काढला. व्हॅनच्या आरशावरून फडकं फिरवत, आरशातच बघत म्हणाले, “साहेबानं पाठवलं न्हवं तुमास्नी? बेडा, अक्का. मी टोचून घेत न्हाई.” बेडा म्हणजे नको. तो शब्द त्यांनी इतक्या हळू उच्चारला की त्यावर वाद घालणं शक्य नव्हतं.

मग मॅडम रोज राजाजीनगरला जाऊ लागल्या. बरोबर मी. कार्यालयात खिडक्या उघडून घेणं, टेबलं हलवणं चालायचं, आणि दुपारी जेवण झालं की मॅडम आवारात उभ्या असलेल्या व्हॅनमध्ये मागच्या सीटवर जाऊन बसायच्या. मी मधल्या सीटवर. परशुअण्णा पुढे, स्टिअरिंगवर हात ठेवून. कुणी बोलायचं नाही. मला तो प्रकार असह्य व्हायचा. आदेशाचा दिवस जवळ येत होता आणि आम्ही एका बंद गाडीत बसून चिंचेच्या झाडावरचे कावळे बघत होतो. एकदा मी न राहवून म्हटलं, “मॅडम, वेळ नाहीये आपल्याकडे.” त्या म्हणाल्या, “हाय की. स्वल्प हाय.”

एका दुपारी परशुअण्णा आपणहून बोलायला लागले. तोंड पुढेच होतं.

“गुरुनाथ ठाऊक हाय का तुमास्नी? कॅशियर. त्यो हितं बसायचा. डावीकडं.” त्यांनी शेजारच्या सीटवर हात ठेवला. “लशीला सगळ्यास्नी मीच नेलो, या गाडीतनं. त्यो यायला तयार न्हवता. मीच म्हटलो, चल की लेका, सुईला भ्यायलास काय. हसत हसत नेलो. माझं मागनं घ्यावं म्हटलो.” त्यांनी त्या सीटवरची धूळ झटकली. “तिसऱ्या-चौथ्या दिवशी ताप. मग दवाखान्याला पण मीच नेलो. एका दारातनं दुसऱ्या दारात. आमाला कुठं आत घेतलं न्हाईत, अक्का. हितंच मान टाकली त्यानं.”

मी गुडघ्यावरच्या ओढणीचा धागा ओढत राहिले.

“डॉक्टर काय म्हणाले?” मॅडमनी विचारलं.

“लशीनं न्हवं म्हणाले. रोग आधीच अंगात शिरलेला. लस अंगी लागायला दिवस लागतात म्हणे. ते कळतंय की मला. मी काय अडाणी हाय?”

“मग?”

“कळतंय खरं हात पुढं होत न्हाई. त्याला मी नेलो न्हवं?”

मॅडमनी समजूत घातली नाही, तुझा दोष नाही म्हणाल्या नाहीत. फक्त उतरताना त्यांनी त्या डाव्या सीटच्या पाठीवर क्षणभर हात ठेवला.

मला वाटलं, आता सुटलं. हे नागराज सरांना सांगितलं की ते नक्की ऐकतील. मी तसं म्हटलं, तर मॅडम जिन्यातच थांबल्या. “ते त्याचं हाय गं. त्यानं आपल्याला दिलं ते वाटायला न्हवे.”

“पण त्यांची पेन्शन जाईल!”

“म्हाईत हाय मला,” त्या म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज पहिल्यांदाच म्हातारा वाटला.

आत काचेपलीकडे नागराज सर वाट बघत होते. “काय कारण सांगितलं त्यानं?”

“सांगितलंय, सर. खरं ते मी माझ्याजवळच ठेवणार. कारण खरं हाय एवढं मी तुम्हाला सांगते. दसरा होऊ दे. स्वल्प वेळ द्या.”

“आणि मी वर काय लिहू? स्वल्प मॅडमना कारण माहीत आहे, असं?” ते उभे राहिले. काचेवर त्यांच्या श्वासाची वाफ धरली. “मुख्य कार्यालय पूजेच्या दिवशी व्हिडिओवर बघणार आहे, राजाजीनगर पूर्ण सुरू झालं का म्हणून. या कार्यालयातून माणसं गेली आहेत, मॅडम. माझ्या सहीनं त्यांच्या घरी पत्रं गेली आहेत. माझी आई आहे घरी. घरी गेलो की मी तिच्या खोलीच्या दारातून तिच्याशी बोलतो, आत जात नाही. आणखी एक जण गेला तर उत्तर मी द्यायचं, का तुम्ही?”

“तुम्हीच द्यायचं, सर,” मॅडम म्हणाल्या. “तुमचं बरोबर हाय.”

सरांनी कागदी रुमालात पेन धरून सही केली. आम्ही परत निघालो. मॅडमनी त्या दिवशी रस्ताभर कुणालाच ‘स्वल्प’ म्हटलं नाही. लोक हॉर्न वाजवत राहिले.

आयुधपूजेच्या सकाळी राजाजीनगरच्या त्या रस्त्याला आमची गाडी वळली तेव्हाच काहीतरी बिघडलंय हे कळलं. कार्यालयाच्या फाटकाला केळीचे खांब होते, आंब्याची पानं होती, पण फाटक बंद होतं आणि सगळी माणसं रस्त्यावर. नव्या साड्या, इस्त्रीचे शर्ट, मास्क. कुणी घोषणा देत नव्हतं. रस्त्याच्या पलीकडे झाडाखाली परशुअण्णा उभे होते. पांढरा गणवेश, एका हातात शेवंतीच्या माळांची पिशवी, दुसऱ्या हातात लिंबं. पहारेकऱ्यानं त्यांना आत सोडलं नव्हतं आणि त्यांनी भांडणही केलं नव्हतं. नुसते पलीकडे जाऊन उभे राहिले होते. मागून आलेल्या लोकांनी ते पाहिलं, आणि एकेक जण आत न जाता तिथंच थांबला.

शोभा मॅडम म्हणून एक जाडजूड, हसऱ्या हेडक्लार्क होत्या. मला बघून इंग्रजीत म्हणाल्या, “दर वर्षी पहिली पूजा गाडीची होते आणि ती अण्णा करतात. अण्णा बाहेर असताना गाडीला कोण हात लावणार? तू लावशील?” त्या आज हसत नव्हत्या.

फाटकाच्या गजांपलीकडे नागराज सर आले. त्यांच्या मागे आवारात व्हॅन उभी होती, माळ न घातलेली. त्यांच्या हातात फोन होता आणि तो सारखा उजळत होता. मुख्य कार्यालय वाट बघत होतं.

“मॅडम, हे तुम्ही शिकवलंत का यांना?”

“मी आत्ताच आले की, सर.”

“यांना सांगा आत यायला. नाहीतर आज सगळेच गैरहजर. मी लिहीन. खरंच लिहीन.” त्यांनी फोन दुसऱ्या हातात घेतला. “आदेश मी मागे घेऊ शकत नाही. आज घेतला तर उद्या कुणी माझं ऐकणार नाही.”

रस्त्यावर हालचाल झाली. कुणीतरी पुढे सरकलं. आता काहीतरी बोललं जाईल, मग ते मागे घेता येणार नाही, असं मला स्पष्ट दिसत होतं. परशुअण्णांनी पलीकडून हात हलवून लोकांना ‘आत जा, आत जा’ अशी खूण केली. कुणी गेलं नाही.

मॅडम फाटकाजवळ गेल्या. गजाला नाक लागेल इतक्या जवळ. “आदेश मागं घेऊच नका, सर,” त्या म्हणाल्या. “बरोबर हाय तुमचा. आवारात प्रवेश न्हाई, एवढंच म्हटलंय न्हवे? मग गाडी बाहेर काढूया. त्याचं काम गाडीवर. गाडी रस्त्यावर असली तर तो कामावर. पूजा हितं करू, मोकळ्या हवेत. आतल्यापेक्षा हे बरंच की. तुमच्या आईला विचारलं तर त्या पण हेच सांगतील.”

नागराज सरांनी मान वळवून व्हॅनकडे पाहिलं. त्यांच्या कपाळावरचा घाम मास्कपर्यंत आला होता. फोन पुन्हा उजळला.

“गाडी बाहेर काढणार कोण?” ते अखेर म्हणाले. “ड्रायव्हर तर बाहेर आहे.”

“ढकलू की.”

ते वळले आणि आत गेले. लोकांना वाटलं, संपलं. शोभा मॅडमनी पदर खोचला, भांडायच्या तयारीनं. पण सर परत आले ते व्हॅनची किल्ली घेऊन. त्यांनी फाटकाची कडी स्वतःच्या हातानं काढली, रुमाल न धरता. मग व्हॅनचं दार उघडून ते ड्रायव्हरच्या जागी बसले. गाडी चालवता त्यांना येत नव्हती; स्टिअरिंग सुटेल एवढीच किल्ली त्यांनी फिरवली. कार्यालयातल्या कुणीही त्यांना त्या जागी कधी पाहिलं नव्हतं. माणसं आत धावली आणि मागून हात लावले. मी हात लावला नाही. माझ्या हातात कुणीतरी सरांचा फोन दिला होता.

गाडी हलली आणि वाकडी निघाली. केळीचा खांब चेपला. पलीकडून परशुअण्णा ओरडले, “सार, उजवीकडं! उजवीकडं घ्या! ब्रेक, सार, ब्रेक!” सर दोन्ही हातांनी स्टिअरिंगला लटकले होते. “कुठलं उजवीकडं? माझ्या की तुझ्या?” कुणीतरी फिसकन हसलं, मग दुसरं, आणि मग ढकलणाऱ्यांचे हातच सुटायला लागले.

फोनवर तेवढ्यात मुख्य कार्यालय आलं. चौकोनात बसलेल्या एका मोठ्या साहेबांनी इंग्रजीत विचारलं, कार्यालय उघडलंय ना, मग सगळे रस्त्यावर का? मी मॅडमकडे पाहिलं. त्यांनी चष्मा पुसायला काढला होता आणि त्या माझ्याकडे बघत नव्हत्या; मुद्दामच, हे मला आता कळतं. माझं वाक्य जुळलेलं नव्हतं. मी तसंच बोलून टाकलं. “सर, गर्दीचा कार्यक्रम आम्ही मोकळ्या हवेत घेतोय. सगळे कामावर आहेत. सगळे.” आणि फोन फिरवून त्यांना गाडी दाखवली. परशुअण्णा चाकांखाली लिंबं ठेवत होते.

कोहळा फुटला, चुरमुरे वाटले. नागराज सरांनी हजेरीवर परशुअण्णांच्या नावापुढे ‘हजर’ लिहिलं आणि कुणी विचारायच्या आधीच म्हणाले, “आज. उद्याचं मला माहीत नाही.” म्हणजे टांगती तलवार तशीच होती, एक दिवस लांबलेली.

लोक पांगल्यावर मॅडम परशुअण्णांना म्हणाल्या, “चल, बस माझ्या गाडीत.”

कुठं जायचं ते न विचारता त्यांनी किल्लीसाठी हात पुढे केला. “मी चालवतो, अक्का.”

“न्हाई. तू डावीकडं बस. आज तू कुणाला न्यायचं न्हाईस. आज तुला मी नेते.”

मी मागे बसले. नोकरी लागल्यापासून परशुअण्णा डाव्या सीटवर बसले नसावेत. मॅडमनी दुसरा गिअर टाकला आणि तो पुढे ढळलाच नाही. अण्णा उजव्या पायानं, तिथं नसलेला ब्रेक दाबत होते. “अक्का, बस यायलीय. अक्का, बस!” “दिसतीय की.” “अक्का, तिसरा टाका, गाडी रडायलीय.” “रडू दे स्वल्प.” मागून हॉर्नचा गोंगाट. मला हसू येत होतं.

दवाखान्याच्या फाटकाशी मॅडमनी गाडी बंद केली. परशुअण्णा उतरले नाहीत. समोर लशीची रांग दिसत होती. मॅडम पुढे बघत बसल्या. दुपार तापत गेली. पहारेकरी येऊन काचेवर टकटक करून गेला. मॅडमनी त्याला हात दाखवला. अण्णा एकदा म्हणाले, “गुरुनाथ पण असाच बसला होता. डावीकडं. मी चल चल करायलो होतो.” मॅडम ‘चल’ म्हणाल्या नाहीत. मग कधीतरी अण्णांनी दार उघडलं, शर्टाची बाही दुमडत दुमडत रांगेकडे गेले आणि शेवटी उभे राहिले. मॅडमनी तेव्हा कुठं चष्मा डोळ्यांवरून काढला. पुसला मात्र नाही. तसाच मांडीवर धरून बसल्या.

परशुअण्णा उन्हाळ्यात निवृत्त झाले, सेवेत खंड न पडता. निरोपाच्या दिवशी नागराज सरांच्या टेबलाभोवतीची काच गेलेली होती. परशुअण्णांच्या नकाराचं कारण गुरुनाथ होता हे सरांना कधी कळलं की नाही, मला ठाऊक नाही. मॅडमनी सांगितलं नसणार.

मॅडमबरोबर मी पुढे आणखी काही कार्यालयं फिरले. मग ते काम संपलं, मी नोकरी बदलली. चामराजपेटेत त्यांच्याकडे अधूनमधून जायचे. त्या भाकरी करायच्या आणि मला बोलायला लावायच्या. मागच्या हिवाळ्यात परशुअण्णांचा फोन आला. “अक्का गेल्या,” एवढंच म्हणाले, आणि मग फोनवर आम्ही दोघंही बराच वेळ काही बोललो नाही. तेही मॅडमकडूनच शिकलेलं. मॅडमच्या भाच्यानं ती गाडी विकली. घेणाऱ्याला तिसरा गिअर अगदी कोरा मिळाला असेल.

यंदा आयुधपूजेला परशुअण्णांनी मला राजाजीनगरला बोलावलं. नागराज सरांची बदली झालेली, शोभा मॅडम निवृत्त. बहुतेक चेहरे नवे. फाटकाशी एक तरुण क्लार्क चुरमुऱ्यांचं ताट घेऊन उभी होती. आवारातली व्हॅन बंदच होती आणि नवा ड्रायव्हर नुसता स्टिअरिंग धरून बसला होता. बाकी सगळे गाडीच्या मागे जमत होते. ती क्लार्क मला हिंदीत समजावून सांगू लागली, “आमच्याकडे पहिल्यापासून अशीच पद्धत आहे. या दिवशी गाडी सुरू करायची नाही. सगळ्यांनी मिळून ढकलत फाटकाबाहेर न्यायची आणि पूजा रस्त्यावर करायची.”

“का?” मी विचारलं.

“ते माहीत नाही. पण तसंच करतात.”

गाडीच्या मागे, नव्या पोरांच्या मधे, पांढरा शर्ट घातलेले परशुअण्णा वाकून उभे होते. त्यांनी माझ्याकडे मान वळवली.

“नुसतं बघायलाय काय, मॅडम? स्वल्प हात लावा की.”

मी बॅग खाली ठेवली आणि गाडीला हात लावला.